डिग संकेतस्थळाची चौथी आवृत्ती

डिग या अमेरिकी संकेतस्थळाची चौथी आवृत्ती २५ ऑगस्ट, इ.स. २०१० रोजी प्रसिद्ध झाली. वाचकांनी शोधून आणलेले बातम्यांचे व लेखांचे दुवे, त्यांवर वाचकांनीच दिलेली मते आणि त्याखाली चालणारी चर्चा असे या संकेतस्थळाचे स्वरूप होते. नव्या आवृत्तीत बाह्य रूपाबरोबरच दुवे निवडण्याची पद्धतही बदलण्यात आली. सदस्यांनी याला तीव्र विरोध केला, पाचच दिवसांत सामूहिक बहिष्काराचा दिवस पाळला आणि त्यांतील मोठा वर्ग रेडिट या प्रतिस्पर्धी संकेतस्थळाकडे वळला. दोन वर्षांच्या आत डिगची तुकड्यातुकड्यांनी विक्री झाली. तेव्हापासून एखाद्या लोकप्रिय संकेतस्थळाने आपली मांडणी बदलली आणि सदस्य संतापले की डिगचे उदाहरण दिले जाते. मात्र ते बहुधा अर्धवट दिले जाते. लोक नव्या रंगरूपावर रागावले आणि निघून गेले, एवढीच ही हकिकत नाही.

== नाव आणि कार्यपद्धती ==

केव्हिन रोझ, जे ॲडलसन, ओवेन बर्न आणि रॉन गोरोडेट्झ्की यांनी डिसेंबर २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डिग सुरू केले. ‘डिग’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ खणणे, उकरणे. महाजालाच्या ढिगाऱ्यातून वाचनीय असे काही कोणी उकरून आणावे आणि इतरांना ते आवडल्यास त्यांनीही एकेक फावडे मारून ते वर उचलावे, अशी ही कल्पना होती. संकेतस्थळाच्या चिन्हातही फावडे घेतलेला माणूस होता. ज्या दुव्याला थोड्या अवधीत पुरेशी मते मिळत तो मुखपृष्ठावर येई. नावडता, खोटा किंवा जाहिरातवजा दुवा ‘पुरण्याची’ सोयही सदस्यांना होती. पुरणाऱ्यांची संख्या वाढली की तो दुवा खाली जाई.

मुखपृष्ठावर येण्याआधी प्रत्येक दुवा ‘येऊ घातलेले’ या पानावर पडून असे. सामान्य वाचक तिकडे फिरकत नसे. काही हजार उत्साही सदस्य मात्र रोज तेथे बसून नवे दुवे चाळीत आणि निवडीत. वृत्तपत्राच्या कचेरीत उपसंपादक जे काम पगार घेऊन करतो ते काम हे लोक विनामूल्य करीत होते. डिगच्या मुखपृष्ठावर आलेल्या दुव्यामागे इतके वाचक धावत की लहानसहान संकेतस्थळे त्या भाराने बंद पडत. त्यामुळे या पानावर काय यावे हे ठरवण्याला चांगलीच किंमत आली. ऑगस्ट २००६ मध्ये बिझनेसवीक या नियतकालिकाने रोझ यांना मुखपृष्ठावर झळकवले. २००८ च्या उन्हाळ्यात गूगल हे संकेतस्थळ सुमारे २० कोटी डॉलरांना विकत घेणार अशा बातम्या आल्या, परंतु तो व्यवहार झाला नाही.

== चौथ्या आवृत्तीपूर्वीचे ताण ==

सदस्य आणि चालक यांच्यातील खटके २०१० मध्ये अचानक उद्भवले नाहीत. मे २००७ च्या आरंभी उच्च दर्जाच्या चित्रपट-तबकड्यांचे कुलूप उघडणारी एक सांकेतिक संख्या डिगवर प्रसिद्ध झाली. कायदेशीर कारवाईच्या भीतीने चालकांनी ते दुवे काढून टाकण्यास आरंभ केला. त्याबरोबर सदस्यांनी तीच संख्या शेकडो रूपांत पुन्हा पुन्हा टाकून मुखपृष्ठ भरून टाकले. त्याच रात्री रोझ यांनी माघार घेतली आणि परिणाम काहीही होवोत, यापुढे ते दुवे काढले जाणार नाहीत असे जाहीर केले. या प्रसंगातून सदस्यांनी घेतलेला धडा असा की, पान आपले आहे आणि एकजूट केली तर चालक ऐकतात. २०१० मधील त्यांच्या वर्तनाचे मूळ या अनुभवात आहे.

जुन्या व्यवस्थेतही दोष होतेच. काही मोजके सदस्य परस्परांच्या दुव्यांना मते देऊन मुखपृष्ठावर वारंवार जागा मिळवीत. फेब्रुवारी २००७ मध्ये आघाडीच्या सदस्यांची यादी काढून टाकण्यात आली, तरी ही गटबाजी थांबली नाही. पुरण्याच्या अधिकाराचा गैरवापर त्याहून गंभीर होता. ऑगस्ट २०१० च्या पहिल्या आठवड्यात अल्टरनेट या वृत्तस्थळाने एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पुराणमतवादी विचारांच्या सदस्यांचा एक गट आपसांत ठरवून उदारमतवादी मजकूर पद्धतशीरपणे पुरत असल्याचे त्यात दाखवले होते. कोण काय पुरतो हे इतरांना दिसत नसल्यामुळे असे संगनमत सोपे होते. म्हणजे नव्या आवृत्तीत पुरण्याची सोय काढली गेली, त्यामागे केवळ चालकांची लहर नव्हती. वाचकांच्या हाती दिलेल्या हत्याराचा काही वाचकांनीच सुऱ्यासारखा उपयोग केला होता.

तिसरा ताण पैशाचा होता. डिगमध्ये गुंतवणूकदारांचे ४ कोटी डॉलरांहून अधिक भांडवल अडकले होते. दुसरीकडे फेसबुक आणि ट्विटर यांच्यावर लोक मित्रांना व अनुयायांना थेट दुवे पाठवू लागले होते. एप्रिल २०१० मध्ये फेसबुकने पसंतीचे बटण इतर संकेतस्थळांवरही लावण्याची सोय केली, तेव्हा डिगच्या फावड्याचे वेगळेपण आणखी कमी झाले. त्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी ॲडलसन पायउतार झाले आणि रोझ यांनी तात्पुरती सूत्रे हाती घेतली. चौथी आवृत्ती अशा घाईच्या वातावरणात तयार झाली.

== नव्या आवृत्तीतील बदल ==

नव्या रचनेचे मुख्य सूत्र ‘अनुसरण’ हे होते. सदस्य ज्या व्यक्तींचे आणि प्रकाशकांचे अनुसरण करील त्यांचे दुवे त्याला ‘माझ्या बातम्या’ या पानावर दिसणार होते, आणि प्रवेश केलेल्या सदस्याला प्रथम हेच पान दिसे. सर्वांचे मिळून एक मुखपृष्ठ ही जुनी कल्पना मागे पडली. ही पद्धत ट्विटरच्या धर्तीवर घेतलेली होती, हे तेव्हाच्या बहुतेक समीक्षकांच्या ध्यानात आले.

दुसरा बदल अधिक खोल होता. वृत्तपत्रे आणि मोठी संकेतस्थळे यांना आपला मजकूर डिगवर आपोआप दाखल करण्याची सोय देण्यात आली. पूर्वी एखादा लेख आवडल्यावर वाचक तो डिगवर आणीत असे. आता लेख प्रसिद्ध होताक्षणी प्रकाशकाच्या खात्यातून स्वतःहून तेथे येऊ लागला. परिणामी शोधून आणणारा सदस्य निरुपयोगी ठरला. गावच्या वाचनालयात पुस्तके निवडणारी वाचकांची समिती बरखास्त करून प्रकाशकांच्या प्रतिनिधींना थेट कपाटांच्या किल्ल्या द्याव्यात, तसाच काहीसा हा प्रकार होता.

याखेरीज पुरण्याचे बटण, ‘येऊ घातलेले’ हे पान, जतन केलेल्या आवडत्या दुव्यांची यादी, मित्रांनी दिलेल्या दुव्यांचे पान, उपविभाग, चित्रफितींचा विभाग आणि जुन्या नोंदींतील शोध या सोयी काढून टाकण्यात आल्या. यांपैकी काही गोष्टी पुढे परत आणण्याचा विचार होता. परंतु सदस्याला एका सकाळी दिसले ते एवढेच, की आपण वर्षानुवर्षे जमवलेले काहीच जागेवर नाही.

या अडचणींत तांत्रिक बिघाडांची भर पडली. संकेतस्थळाची माहिती साठवण्याची यंत्रणा याच वेळी बदलून कॅसांड्रा ही नवी प्रणाली वापरात आणली होती. पहिले काही आठवडे संकेतस्थळ वारंवार बंद पडत होते. दोष प्रणालीचा की तिच्या वापराचा, यावर तंत्रज्ञांत पुष्कळ वाद झाला, आणि सप्टेंबरमध्ये अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखांनी डिग सोडले. जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करा ही सदस्यांची पहिली मागणी होती. परंतु सगळी यंत्रणा नव्याने लिहिली गेल्यामुळे ती मान्य करणे व्यवहार्य राहिले नव्हते. परतीची वाट न ठेवता झालेला हा बदल होता.

== सदस्यांचा विरोध ==

पहिल्या दोन दिवसांत विरोध नेहमीच्या तक्रारींच्या रूपात प्रकट झाला. त्यानंतर त्याला दिशा मिळाली. ३० ऑगस्ट हा ‘डिग सोडा’ दिवस म्हणून पाळण्याचे सदस्यांनी ठरवले आणि त्यासाठी चालकांनीच दिलेल्या नव्या सोयीचा उपयोग केला. मजकूर आपोआप दाखल करण्याच्या मार्गाने रेडिटवरील दुवे डिगवर येत होते. सदस्यांनी त्यांनाच भरभरून मते दिली, आणि डिगच्या मुखपृष्ठावर जिकडेतिकडे रेडिटचा मजकूर दिसू लागला. पुरण्याचे बटण काढून टाकलेले असल्याने तो खाली ढकलण्याचे साधनही वाचकांकडे उरले नव्हते. प्रकाशकांना उघडून दिलेल्या दारातून प्रतिस्पर्धी आत शिरला आणि त्याला आत घेणारे डिगचेच सदस्य होते. एखाद्या योजनेतील दोष तिच्याच अवजाराने इतक्या नेमकेपणाने दाखवून दिल्याची उदाहरणे विरळाच.

रेडिटने या पाहुण्यांचे स्वागत केले. आपल्या चिन्हावर त्यांनी काही काळ डिगचे फावडे मिरवले. रेडिटचे एक संस्थापक ॲलेक्सिस ओहानियन यांनी रोझ यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. ही आवृत्ती इतर संकेतस्थळांचे तुकडे जोडून बनवलेली असून तिला गुंतवणूकदारांच्या ढवळाढवळीचा वास येतो, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र प्रतिस्पर्ध्याचे होते हे विसरून चालणार नाही. तरीही सदस्यांच्या मनातील शंका त्यात नेमकी पकडली गेली होती.

१ सप्टेंबरच्या सुमारास मॅट विल्यम्स यांची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक जाहीर झाली. १२ ऑक्टोबर रोजी त्यांनी काढून टाकलेल्या अनेक सोयी परत आणण्याचे आश्वासन दिले. तोवर उशीर झाला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे ३७ टक्के कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. मार्च २०११ मध्ये रोझ यांनीही दैनंदिन कामातून अंग काढून घेतले. जुलै २०१२ मध्ये डिगचे नाव, संकेतस्थळ आणि तंत्रज्ञान बेटावर्क्स या न्यूयॉर्कमधील कंपनीला विकले गेले आणि त्यासाठी सुमारे ५ लाख डॉलर मिळाल्याचे वृत्त होते. कर्मचाऱ्यांचा एक गट त्याआधी वॉशिंग्टन पोस्ट कंपनीकडे गेला होता, आणि एकस्वे लिंक्डइनने घेतली. चार वर्षांपूर्वी चर्चेत असलेल्या २० कोटींशी या रकमेची तुलना नेहमी केली जाते, परंतु ती अचूक नाही, कारण ५ लाखांत सर्व मालमत्ता आलेली नव्हती. घसरण प्रचंड होती यात मात्र शंका नाही.

== विरोधाचे विश्लेषण ==

मांडणी बदलली की लोक कुरकुरतात आणि काही दिवसांनी सरावतात, असा संकेतस्थळांच्या चालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. या अनुभवाचे सर्वांत ठळक उदाहरण फेसबुकचे आहे. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने मित्रांच्या हालचाली एका प्रवाहात दाखवणारे ‘न्यूज फीड’ सुरू केले. अवघ्या काही दिवसांत त्याच्या निषेधार्थ निघालेल्या एका गटात ७ लाखांच्या आसपास सदस्य जमले. मार्क झुकरबर्ग यांनी दिलगिरी व्यक्त केली, खासगीपणाच्या काही सोयी दिल्या, पण मूळ बदल मागे घेतला नाही. आज त्या प्रवाहावाचून फेसबुकची कल्पना करता येत नाही. निषेधाचा तो गट इतक्या वेगाने वाढण्याचे एक कारण हे की, कोणता मित्र त्यात सामील झाला हे न्यूज फीडच सर्वांना सांगत होते.

या अनुभवावरून डिगच्या चालकांनी थोडे थांबा, राग निवेल असा निष्कर्ष काढला असेल, तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु दोन प्रसंगांत मूलभूत फरक होता. फेसबुकने सदस्याला नको असलेले काही त्याच्यावर लादले, पण त्याच्या हातून काही काढून घेतले नाही. त्याचे मित्र, छायाचित्रे, लेखन सारे जागेवर होते. डिगच्या सदस्याजवळ मित्रपरिवार असा फारसा नव्हताच. त्याच्याजवळ होता तो एक अधिकार, म्हणजे कोणता दुवा वर यावा हे ठरवण्याचा, आणि त्या अधिकारामागे होते कित्येक वर्षांचे श्रम. चौथ्या आवृत्तीने नेमके तेच काढून घेतले. बटणांचा आकार आणि पानाचा रंग यांविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या खऱ्या. माणूस जे डोळ्यांना दिसते त्याविषयी आधी बोलतो. परंतु सदस्य ज्या सोयी परत मागत होते त्यांची यादी पाहिली, तर ‘येऊ घातलेले’ पान आणि पुरण्याचे बटण या निवडीच्या साधनांचा उल्लेख पुन्हा पुन्हा आढळतो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात एक उपयुक्त विवेचन केले आहे. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्याशी संबंधित माणसासमोर सोडून जाणे किंवा आत राहून बोलणे असे दोन मार्ग असतात, आणि त्याची निष्ठा जितकी दृढ तितका तो आधी बोलून पाहतो. डिगच्या सदस्यांचे बोलणे २००७ मध्ये एका रात्रीत ऐकले गेले होते. २०१० मध्ये ते ऐकण्याजोगी स्थितीच उरली नव्हती, कारण जुनी यंत्रणा मोडीत निघाली होती आणि नवी यंत्रणा धड उभी राहत नव्हती. शिवाय सोडून जाणे अतिशय स्वस्त होते. रेडिट जून २००५ पासून तशाच पद्धतीने चालू होते, तेथे खाते उघडण्यास एखादे मिनिट पुरे होते, आणि डिगवरून बरोबर न्यावे असे सामानही नव्या आवृत्तीने शिल्लक ठेवले नव्हते.

डिग केवळ या आवृत्तीमुळे बुडाले असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. वाचक दुव्यांसाठी फेसबुक व ट्विटरकडे वळण्याची प्रक्रिया आधीच सुरू झाली होती. जुन्याच रूपात राहून डिग टिकले असते काय, याचे उत्तर देता येत नाही. चौथ्या आवृत्तीने हळूहळू झाले असते ते काही आठवड्यांत घडवून आणले, आणि ज्या सदस्यांच्या आधाराने सावरता आले असते त्यांनाच प्रथम दुखावले, एवढे खात्रीने म्हणता येते.

== रेडिटवरील पुढील घटना ==

डिगच्या पडझडीचा लाभ झालेल्या रेडिटवरही पुढे हाच प्रश्न आला. एप्रिल २०१८ पासून रेडिटने आपली नवी मांडणी टप्प्याटप्प्याने लागू केली. विरोध झालाच. परंतु जुने रूप वेगळ्या पत्त्यावर कायम ठेवण्यात आले आणि ज्याला ते हवे त्याला तेथे राहण्याची मुभा मिळाली. मत देण्याची आणि चर्चागट चालवण्याची पद्धत बदलली नाही. त्यामुळे नाराजी राहिली, पण कोणी बिऱ्हाड हलवले नाही. डिगकडून घेतलेला हा धडा होता असे मानण्यास जागा आहे.

२०२३ चा प्रसंग वेगळा होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये रेडिटने बाहेरच्या अनुप्रयोगांना आपली माहिती पुरवण्यासाठी शुल्क आकारण्याची घोषणा केली. दर एक हजार मागण्यांना ०.२४ डॉलर असा ठरला. अपोलो या लोकप्रिय अनुप्रयोगाच्या निर्मात्याने आपल्याला त्यासाठी वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागतील असे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या रेडिटवरील मजकूर फुकट वापरतात आणि त्याचे मोल मिळाले पाहिजे, हे रेडिटचे एक म्हणणे होते. ते अवास्तव नव्हते. परंतु त्याचा फटका बसला तो रोजच्या वापराच्या साधनांना. अनेक नियंत्रक, म्हणजे चर्चागटांची राखण करणारे बिनपगारी स्वयंसेवक, आपले काम या बाहेरच्या अनुप्रयोगांतूनच करीत असत. अंध सदस्यांनाही रेडिटच्या स्वतःच्या अनुप्रयोगापेक्षा हे अनुप्रयोग सोयीचे होते. त्यांच्या तक्रारीनंतर सुगम्यतेसाठी बनवलेल्या, बिगरव्यापारी अनुप्रयोगांना शुल्कातून सूट देण्यात आली. या लढ्यातील निर्विवाद यश म्हणावे ते एवढेच.

१२ जून २०२३ रोजी सात हजारांहून अधिक चर्चागट निषेध म्हणून बाहेरच्यांसाठी बंद करण्यात आले. एकाच वेळी इतके गट बंद झाल्याने रेडिटची यंत्रणाच काही काळ कोलमडली. बहुतेक गट दोन दिवसांनी उघडले. काही बंदच राहिले, तेव्हा गट उघडा नाहीतर दुसरे नियंत्रक नेमले जातील अशी समज देण्यात आली आणि काही ठिकाणी तसे करण्यातही आले. छायाचित्रांच्या एका मोठ्या गटाने गट उघडला, पण त्यात केवळ विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर यांचीच छायाचित्रे टाकण्याचा नियम केला. नियम पाळून केलेला हा निषेध गमतीचा होता आणि त्याची बातमीही सर्वत्र झाली. शुल्क मात्र लागू झाले आणि ३० जूनला अपोलोसह अनेक अनुप्रयोग बंद पडले.

येथे डिगसारखे स्थलांतर का झाले नाही? जाण्याजोगी जागा नव्हती हे पहिले कारण. लेमी यांसारख्या विकेंद्रित पर्यायांकडे काही सदस्य गेले, परंतु तेथे खाते कोठे उघडावे हेच नवख्याला उमगत नसे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. डिगवर साठलेले असे फारसे काही नव्हते, कालचा दुवा आज शिळा होई. रेडिटवर मात्र जवळपास अठरा वर्षांची प्रश्नोत्तरे, अनुभवकथन आणि सल्ले यांचा साठा होता. स्वयंपाकापासून कर्करोगापर्यंत एकेका विषयाला वाहिलेले गट होते. माणूस खाते बंद करू शकतो, पण सारा गट उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही. सदस्यांच्या श्रमांनी जागा जितकी समृद्ध झाली तितके सदस्यांनाच ती सोडणे अवघड झाले.

त्या साठ्याचे मोल पुढच्याच वर्षी आकड्यांत दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिट व गूगल यांच्यात मजकूर पुरवण्याचा करार झाला आणि त्याची किंमत वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर असल्याचे वृत्त आले. मार्चमध्ये रेडिटचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात ३४ डॉलर दराने विक्रीस आले. त्यातील ८ टक्क्यांपर्यंतचे समभाग काही सदस्य, नियंत्रक आदींना आरंभीच्या दराने विकत घेता येतील असे राखून ठेवले होते. ज्यांनी मजकूर लिहिला त्यांना तो विकल्याचा मोबदला म्हणून काही मिळाले नाही. आपल्या खिशातून समभाग घेण्याची संधी मिळाली.

== विकिपीडियाचे उदाहरण ==

स्वयंसेवकांच्याच श्रमांवर उभ्या असलेल्या इंग्रजी विकिपीडियावर १८ जानेवारी २०२३ रोजी ‘व्हेक्टर २०२२’ ही नवी त्वचा, म्हणजे पानाची मांडणी, लागू झाली. त्याआधी फ्रेंचसह काही विकिपीडियांवर २०२० पासून ती अजमावली जात होती. मजकुराची रुंदी आखडली आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा वाया गेली, ही मुख्य तक्रार होती. जुनी त्वचा परत आणावी काय यावर संपादकांत दीर्घ चर्चा झाली. परत आणण्याच्या बाजूने साडेतीनशेहून अधिक आणि विरुद्ध सव्वादोनशेच्या आसपास मते पडली. तरीही सहमती झाली नाही असा निर्णय देण्यात आला, कारण विकिपीडियावर मतांच्या संख्येपेक्षा युक्तिवादाला महत्त्व देण्याची प्रथा आहे. अल्पमताचा विजय झाला असे अनेकांना वाटले. परंतु खाते असलेल्या संपादकाला आपल्या पसंतीक्रमातून जुनी त्वचा निवडता येत होती, आणि संपादनाच्या अधिकाराला कोणी हात लावला नव्हता. वाद वर्तमानपत्रांत गाजला नाही आणि संपादक कामाला लागले.

== डिगचे पुनरागमन ==

बेटावर्क्सने २०१२ च्या उन्हाळ्यात डिग नव्याने सुरू केले. त्या रूपात दुव्यांच्या निवडीत पगारी संपादकांचा वाटा मोठा होता. एप्रिल २०१८ मध्ये ते बायसेलॲड्स या जाहिरात क्षेत्रातील कंपनीकडे गेले. मार्च २०२५ मध्ये केव्हिन रोझ यांनी डिग परत विकत घेतल्याचे जाहीर झाले. या खरेदीत त्यांचे भागीदार होते ॲलेक्सिस ओहानियन, म्हणजे २०१० मध्ये त्यांना अनावृत पत्र लिहिणारे रेडिटचे संस्थापक. नियंत्रकांवरचा भार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हलका करावा आणि चर्चागटांच्या उभारणीत त्यांना अधिक स्थान द्यावे, असा मनोदय दोघांनी त्या वेळी व्यक्त केला.